जिन्याखालची अंबुबाई आणि माझा अर्ज

अंबुबाई मला पहिल्यापासून आवडली नाही. हे आधीच सांगून टाकते. कुणाबद्दल लिहायला बसलं की त्याच्या पायांवर फुलं वाहायची, अशी लिहिणाऱ्यांची सवय असते. माझ्याकडं फुलं नाहीत, ब्लाउजपीस आहेत, आणि तेही मी कुणाला फुकट देत नाही.

सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात आमचं कॉम्प्लेक्स आहे. तीन बाजूंना मिळून चौदा गाळे आणि मधे शहाबादी फरशीचं मोठं पटांगण. लोकांच्या पायांनी ती फरशी घासून घासून आरशासारखी झालीय. कोपऱ्यातला गाळा माझा. दाक्षायणी मॅचिंग सेंटर. नाव माझंच आहे. नवऱ्यानं त्याच्या आईचं नाव सुचवलं होतं, मी ऐकलं नाही. मी अर्थशास्त्राची बी.ए. आहे, चौऱ्याहत्तर सालची, आणि हे दुकान गेली सव्वीस वर्षं मी एकटीनं चालवतेय. आता बहात्तर संपतील. गुडघे सोडले तर बाकी सगळं ठीक आहे.

मॅचिंगचं काम लोकांना सोपं वाटतं. बाईनं साडी आणायची, आम्ही त्या रंगाचा पीस, फॉल, परकर काढून द्यायचा. पण ट्यूबलाइटवर विश्वास ठेवून हा धंदा होत नाही. ट्यूबखाली आमसुली आणि वांगी हे दोन रंग सख्ख्या बहिणी दिसतात, आणि बाहेर आले की एकमेकींचं तोंड बघत नाहीत. म्हणून आमच्यात एक रीत आहे. कापड कापायच्या आधी बाईला घेऊन पटांगणात यायचं, साडी आणि तागा शेजारी शेजारी धरून दिवसाच्या उजेडात बघायचं, तिनं मान हलवली की मगच आत येऊन कात्री लावायची. ही रीत मी कधी मोडली नव्हती. आणि माझ्या दुकानातला रंग कधी परत आला नव्हता.

अंबुबाई आली आठ वर्षांपूर्वी. सांगोल्याकडची. घरची मेंढरं होती, दीड-दोनशे. वर्षातले सात-आठ महिने नवऱ्याबरोबर मेंढरांमागं चालायचं, बिऱ्हाड घोड्यावर लादायचं, पोरं वाटेत वाढवायची. नवरा गेला, थोरल्यानं मेंढरं विकून ट्रकचं स्टेअरिंग धरलं, आणि ही सोलापुरात मुलीजवळ आली. जवळ म्हणजे शेजारच्या गल्लीत, वेगळ्या खोलीत. जावयाच्या घरात राहणार नाही म्हणाली. हे मला दुसऱ्यांनी सांगितलं. मी स्वतःहून तिला कधी काही विचारलं नाही.

ती ज्वारीच्या कडक भाकऱ्या करते, कागदासारख्या पातळ, आणि शेंगादाण्याची चटणी. आमच्या कॉम्प्लेक्सचे अध्यक्ष म्हणजे इलेक्ट्रिकलचे गुरुसिद्धप्पा अण्णा. त्यांना तिनं जिन्याखालची जागा मागितली. अण्णांनी दिली, पण एक अट घातली: कुणा गाळेवाल्याची तक्रार आली की टोपली उचलायची. ती व्हय म्हणाली आणि बसली. त्या जागेवर ना पाटी, ना दिवा, ना शटर. माझ्या पाटीवर रात्री दिवे लागतात. तरी लोक तिच्याकडं थांबायचे आणि माझ्याकडं काम असेल तरच यायचे. उंच, हाडकुळी, नाकात मोरणी, दोन्ही हातांवर गोंदण. सारखी लांब कुठंतरी बघत असायची, समोर काही चरत असल्यासारखी. तिला कुणाला हाक मारून बोलवावं लागत नाही, हे मला पहिल्या वर्षीच खटकलं होतं.

मग लॉकडाउन उठलं आणि पटांगणात चाकं आली. स्केटबोर्ड. चार चाकांची फळी, तिच्यावर उभं राहून एका पायानं जमीन ढकलायची. जुळे सोलापुरात आमच्या फरशीसारखी फरशी दुसरीकडं नाही, हे पोरांना आधी कळलं. पहिल्या चार फळ्यांतली एक माझ्याच घरातली होती, हेही सांगते. सुनेनं संस्कृतीला, म्हणजे माझ्या नातीला, वाढदिवसाला घेतलेली. बघता बघता रोज संध्याकाळी पाच वाजता वीस-पंचवीस पोरंपोरी जमायला लागली. खडखड खडखड. त्यांना सोडायला आलेले आईबाप दीड तास काय करणार? जिन्याच्या पायऱ्यांवर बसायचे. बसलेल्या माणसाला भूक लागते. अंबुबाई दुपारी दोन टोपल्या आणायला लागली, मग तीन, मग लिंबू सरबत.

आणि माझं काय? चार ते सहा ही माझी खरी वेळ. बाई साडी घेऊन उजेडात आली की एक फळी इकडून सुटायची, दुसरी तिकडून. बायका दारातच थबकायच्या. बाहेर पाय टाकायला भ्यायच्या. मी ओरडायची, पोरं "सॉरी आजी" म्हणायची आणि परत तेच.

एवढ्यावर मी अर्ज केला नसता. खरं कारण वेगळं आहे, ते लिहिते. एका संध्याकाळी संस्कृती माझ्या दुकानासमोर पडली. दारापासून तीन पावलांवर. गुडघा सोलला. मी काउंटरमागून डेटॉल आणि कापूस घेऊन बाहेर आले तर पोरगी उठली आणि लंगडत सबंध पटांगण ओलांडून अंबुबाईकडं गेली. माझ्या समोरून. अंबुबाईनं दोन्ही हातांत तिचा गुडघा धरला, काहीतरी म्हणाली, आणि रडणारी पोर हसायला लागली. मी कापूस हातात घेऊन उभी.

घरी मी विचारलं, काय म्हणाली ती? संस्कृती म्हणाली, "मेंढीचा पाय मोडला की बांबूच्या कामट्या बांधतात. तुला दोन बांधू का चार, असं विचारलं." आणि परत हसली. आमच्या घरी मला अज्जी म्हणतात. अंबुबाईला ती नुसतं आजी म्हणत होती, आधी अंबू नाही, काही नाही. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

त्याच आठवड्यात माझ्या एका गिऱ्हाइकाच्या इरकलीच्या पदरावरून चाक गेलं. काळा पट्टा उमटला. ती बाई त्या पोराला काही बोलली नाही, मला बोलली, आणि बरंच बोलली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्ज लिहायला घेतला. पदर हे कारण चांगलं होतं. मला ते मिळालं याचा आनंदच झाला होता.

अर्ज मी झकास लिहिला. "सदर क्रीडाप्रकारामुळे ग्राहकांच्या मुक्त वावरास अडथळा निर्माण होऊन सर्व गाळेधारकांच्या व्यवसायावर प्रतिकूल परिणाम होत आहे." खाली एक ओळ अशी घातली: "तसेच जिन्याखालील गर्दीमुळे ये-जा करण्यास त्रास होतो." अंबुबाईचं नाव मी घातलं नाही. घालायची गरज नव्हती. अण्णांची अट सगळ्यांना माहीत होती. स्केटिंग बंद झालं की तिचं गिऱ्हाईक जाईल, आणि ही ओळ वाचली की तिची जागाही जाईल. एका कागदात दोन कामं.

सह्या घ्यायला मी गाळ्यागाळ्यांत फिरले. मेडिकलवाला जोतीराम पेन हातात घेऊन विचारात पडला. "काकू, माझी बँडेजं खपतात हो त्यांच्यामुळं," म्हणाला. मी त्याला म्हटलं, पोरांच्या रक्तावर दुकान चालवतोस का? त्यानं सही केली. चौदापैकी अकरा सह्या झाल्या. अण्णांनी स्वतः केली नाही. "इरली बिडी, अक्का," म्हणाले, म्हणजे असू द्या, सोडा. मी म्हटलं, बैठक बोलवा.

बैठक सोमवारी झाली, कॉम्प्लेक्स बंद असतं त्या दिवशी, पटांगणातच खुर्च्या टाकून. जिन्याचा उल्लेख होता म्हणून अण्णांनी अंबुबाईलाही बोलावलं. ती खुर्चीवर बसली नाही, पायरीवर बसली. मी अर्ज वाचून दाखवला, मुद्दे सांगितले. गिऱ्हाईक, सुरक्षितता, दुकानाची शोभा. कॉलेजात वक्तृत्वाचं बक्षीस घेतलेलं आहे मी, बोलायला अडत नाही. अण्णांनी अंबुबाईला विचारलं, तुमचं काय म्हणणं? मला वाटलं, रडेल, हात जोडेल. मी त्याची तयारी करून आले होते.

ती म्हणाली, "आमची मेंढरं हुती तवा सुगी झाली की शेतकरी हाताला धरून न्यायचे. माज्या रानात बसवा, माज्या रानात बसवा. च्यार रात्री मेंढरं बसली की लेंड्या पडत्यात, त्या वर्साला रान लई पिकतं. वर ज्वारी द्यायचे आमाला. हितं आपल्या पायानं आलेली मेंढरं तुमी हाकलाय निगालाय."

जोतीराम म्हणाला, "म्हणजे ही पोरं लेंड्या टाकतात होय, आजी?"

"पोरं न्हाय. त्यांचे आयबाप."

सगळे हसले. ज्यांनी सह्या केल्या होत्या ते अकराही हसले. मी सोडून. सह्या करताना यांच्यापैकी एकानंही मला हसून दाखवलं नव्हतं.

हसू थांबल्यावर ती माझ्याकडं वळली. म्हणाली, एक मात्र खरं, पोरं सगळी जिन्याच्या अंगाला बसतात, म्हणजे सगळं खत एकाच्याच वावरात पडतंय, आणि ते बरोबर नाही. "आक्का, रोज थोडा येळ तुमच्या दारात बसवू का?"

आज कळतं की ती सरळ बोलत होती. तेव्हा मला ते दान वाटलं. जिन्याखाली बसणारी बाई मला माझ्याच दारात गिऱ्हाईक बसवून देणार! मी म्हटलं, माझ्या दारात कोण बसायचं ते मी ठरवीन. आणि मतदान घ्या म्हटलं. सह्या दिल्या होत्या म्हणून हसणाऱ्यांनी हातही वर केले, आणि एक महिना बंदी घालून बघू, असं ठरलं. जिन्याच्या ओळीबद्दल अण्णा म्हणाले की बंदी हीच तक्रारीची दखल, बाईला उठवायचा विषय महिन्यानंतर. माझं दुसरं काम तेवढं अर्धवट राहिलं.

मंगळवारी पाटी लागली. "येथे स्केटिंग करण्यास सक्त मनाई आहे." संध्याकाळी पटांगण रिकामं. मी एक खुर्ची दारात टाकून बसले. काय शांतता होती! पक्ष्यांचे आवाज येत होते. मी दोन तागे उगाचच बाहेर आणून उजेडात बघितले.

ती शांतता सहा दिवस टिकली. समोर रस्त्यापलीकडं क्लासेस आहेत आणि शेजारी बँक. पटांगण मोकळं दिसल्यावर तिथल्या मोटारसायकली आत यायला लागल्या. आधी चार, मग दहा, मग दाराला टेकून. पोरांना निदान ओरडता येत होतं. मोटारसायकलला काय ओरडणार? वॉचमन नाही, आणि पाटीवर तर फक्त स्केटिंग लिहिलेलं. मीच लिहून दिलं होतं. साडी घेऊन उभं राहायला माझ्या दारासमोर आता हातभर जागा उरली नाही, आणि जी उरली तिच्यात सावली.

गिऱ्हाईक वाढलं का? नाही. उलट एक गोष्ट माझ्या लक्षात यायला लागली. संध्याकाळी उगाच आत डोकावणाऱ्या, "काकू, अस्तराचं कापड आहे का" म्हणत येणाऱ्या आणि दोन परकर घेऊन जाणाऱ्या तरुण बायका दिसेनाशा झाल्या. त्या स्केटिंगवाल्या पोरांच्या आया होत्या. पोरं खेळताहेत तोवर वेळ घालवायला माझ्याकडं येत होत्या, आणि मला वाटत होतं त्या माझ्या पाटीकडं बघून येतात. जोतीरामनं मला दोनदा विचारलं, काकू, काही फरक? मी म्हटलं, पितृपंधरवडा चालू आहे, या दिवसांत कोण कापड घेतं? तो बरं म्हणाला. पितृपंधरवड्यात बँडेज का खपत नाही, हे त्यानं मला विचारलं नाही, एवढा तो भला आहे.

अंबुबाई पहिला आठवडा जिन्याखाली बसली, समोरची रिकामी फरशी बघत. दुसऱ्या आठवड्यात दिसली नाही. कुणी तिला ऊठ म्हटलं नव्हतं. ती आपली उठली आणि गेली. म्हणजे मला पाहिजे होतं ते झालं. मी जिन्याखाली जाऊन बघून आले. जागा झाडून ठेवलेली होती.

संस्कृतीसुद्धा आता शाळेतून आली की फळी घेऊन कुठंतरी जायची, सातला यायची. कुठं जातेस विचारलं तर म्हणायची, "आजी जिथं बसते तिथं." मी जास्त विचारलं नाही. विचारलं असतं तर मला ते ऐकावं लागलं असतं.

घटस्थापना चार दिवसांवर आली. नवरात्र म्हणजे आमच्या धंद्याची दिवाळी. नऊ दिवसांचे नऊ रंग, प्रत्येक बाईला प्रत्येक रंगाचं काहीतरी पाहिजे. अशा गर्दीत एका प्राध्यापकांच्या पत्नी आल्या, वीस वर्षांच्या माझ्या गिऱ्हाईक. आमसुली रेशमी साडी, मुलीच्या डोहाळजेवणाला नेसायची. बाहेर दारात एक बुलेट आडवी लावलेली. मालक बँकेत. मी पाच मिनिटं वाट बघितली. आत सात बायका उभ्या. मग मी ट्यूबखालीच साडीवर तागा धरला, त्या म्हणाल्या, "तुमच्या डोळ्यावर माझा विश्वास आहे, काकू," आणि मी कात्री लावली.

दोन दिवसांनी त्या शिवलेला ब्लाउज घेऊन परत आल्या. वांगी. स्वच्छ, ढळढळीत वांगी. त्या रागावल्या नाहीत, हे जास्त वाईट. म्हणाल्या, असू दे, मी दुसरा घेतला राजनंदिनीकडं, तिथं बाहेर नीट उजेडात बघता येतं. मी विचारलं, कोण राजनंदिनी? त्या म्हणाल्या, नवीन वसाहतीत दुकान काढलंय की एका मुलीनं, ती पोरं स्केटिंग करतात तिथं.

मी शटर अर्धं ओढलं आणि रिक्षा केली. भर नवरात्राच्या तोंडावर दुकान अर्धं बंद करून जाणारी मी नव्हे, पण गेले.

नव्या वसाहतीत आठ गाळ्यांची एक रांग आहे. पुढं नवंकोरं काँक्रीट. सगळी पोरं तिथं. राजनंदिनीच्या दुकानाच्या दाराशेजारी अंबुबाई बसलेली, खुर्चीवर. पुढं टेबल, टेबलावर टोपल्या, वर एक छत्री बांधलेली. रिक्षा थांबवून मी आतूनच बघत राहिले. तेवढ्यात दुकानातून एक बाई साडी घेऊन बाहेर आली, तिच्यामागं तिशीतली एक मुलगी तागा घेऊन, ती राजनंदिनी असणार. अंबुबाईनं जीभ टाळूला लावून एक आवाज काढला. र्र्र्र असा, मोठा नाही. आणि पंचवीसच्या पंचवीस पोरं जागच्या जागी थांबली. एक पाय फळीवर, एक जमिनीवर. माझी संस्कृतीसुद्धा. त्या बाईनं सावकाश, या बाजूनं, त्या बाजूनं रंग बघितला, मान हलवली, आत गेली. अंबुबाईनं परत आवाज केला. चाकं सुटली.

मी माझ्या नातीला बारा वर्षं ताटावर बस म्हणतेय, ती कधी पहिल्या हाकेला बसलेली नाही.

त्या मुलीच्या दुकानाचा मला हेवा वाटला, तिच्या काँक्रीटचा वाटला, अंबुबाईच्या त्या आवाजाचा तर सगळ्यांत जास्त. रिक्षातून उतरून मी सरळ तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. ती बसा म्हणाली, उठून खुर्ची दिली. मी बसले नाही.

"हे तू आमच्याकडं का केलं नाहीस?" मी विचारलं.

"तुमी म्हनलाच न्हाई की, आक्का." ती अगदी सहज बोलत होती. "हिनं पयल्या दिवशी सांगितलं, आजी, बाई भाईर आली की पोरं थांबवायची. थांबवली. तुमी पोरांवर वरडत हुता, माज्याशी कदी बोललाच न्हाई. आवाज द्यायचा सोडून अर्ज दिला. मला वाचता येत न्हाय."

आठ वर्षं ती माझ्या दुकानापासून चाळीस पावलांवर बसत होती. मी तिच्याकडून कधी भाकरीसुद्धा घेतली नव्हती.

मी म्हटलं, बंदी सोमवारी संपते, मी वाढवू देणार नाही, तू परत ये. पोरं घेऊन ये. तिनं मान हलवली. राजनंदिनीला दिवाळीपर्यंतचा शब्द दिलाय म्हणाली. एकाच्या रानात बसवलेली मेंढरं मधेच उठवायची नसतात. उठवली तर त्या शेतकऱ्याचं अर्धं रान भुकेलं राहतं, आणि पुढच्या वर्षी त्या गावात कुणी उभं करत नाही.

"आणि माझं रान?" मी विचारलं. विचारताना मलाच लाज वाटली, कारण तिनं हाच प्रश्न बैठकीत माझ्या बाजूनं आपणहून विचारला होता आणि मी तिला तोडलं होतं.

तिनं बोटांवर वार मोजले. मग म्हणाली, "बेस्तरवारी हिचं दुकान बंद असतंया. बेस्तरवारी आणते. पर तुमच्या दारात बसंन. जिन्याखाली न्हाई."

गुरुवार. आठवड्यातला एक दिवस. मी हो म्हटलं.

अण्णांकडं मी त्याच संध्याकाळी गेले. बंदी उठवा आणि मोटारसायकलींना साखळी लावा म्हटलं. ते हात पुढं करून म्हणाले, अर्ज? मी म्हटलं, तोंडानं सांगतेय. अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मग म्हणाले, पण अक्का, पोरांमुळं धंदा बुडतो असं तुम्हीच तर सिद्ध केलं होतं. मी त्यांना काय सांगितलं ते इथंही सांगते, कारण पुण्या-मुंबईकडं म्हणे मॉलवाले अशीच बंदी घालतात आणि दुसऱ्या गावचे दुकानदार मला आता फोन करून विचारतात. नुसती फरशी मोकळी केल्यानं गिऱ्हाईक येत नाही. ज्याला तिथं थांबायला काही कारण आहे, तो कधीतरी काही घेतो. पण पोरं वाटेल तशी सुटत राहिली असती तर माझं दुकान बुडालंच असतं, हेही तेवढंच खरं, आणि पदरावरचा पट्टा मी विसरलेली नाही. बंदी घालणं सोपं, कारण त्याला एक पाटी पुरते. थांबवायला आणि सोडायला माणूस लागतो. तो माणूस आमच्याकडं फुकट बसलेला होता, आणि मी त्याला उठवायला निघाले होते. अण्णांनी साखळी लावली.

नवरात्रातला गुरुवार आला. त्या दिवसाचा रंग पिवळा होता. पाचच्या आधीच अंबुबाई टोपल्या घेऊन आली आणि माझ्या पायरीवर बसली. मी खुर्ची दिली, ती म्हणाली, पायरी बरी. तिच्यामागून फळ्या आल्या, फळ्यांमागून आया. पिवळे पीस मी किती वेळा वरच्या कप्प्यातून काढले माहीत नाही. बाई बाहेर आली की र्र्र्र, पोरं थांबायची. मोकळ्या उन्हात हळदी वेगळा दिसायचा, लिंबू वेगळा, सोनचाफी वेगळा. एकही रंग चुकला नाही. सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं आणि माझं लक्ष मात्र पायरीकडं होतं.

सहाच्या सुमाराला संस्कृती घामाघूम होऊन आली. मी तिच्यासाठी थंड पाण्याची बाटली काउंटरवर काढून ठेवली होती. ती अंबुबाईच्या तांब्यातलं पाणी गटागटा प्यायली आणि तिच्या खांद्याला टेकून बसली. माझ्या पायरीवर, माझ्या दुकानासमोर, माझी नात. दोघी काहीतरी कुजबुजत होत्या. मी आत परकर मोजतेय असं दाखवलं.

मग अंबुबाईचा आवाज आला, "जा, अज्जीला दाव जा की."

संस्कृती आत डोकावली. "अज्जी, बाहेर ये. एक दाखवायचंय."

मी बाहेर गेले. तिनं फळी घेतली, वेग घेतला, फळीचं मागचं टोक पायानं दाबलं आणि फळीसकट जमिनीपासून वीतभर वर उडाली. खाली आली ती उभीच. पडली नाही. दोन बायकांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी माझ्याकडं बघत उभी होती, गाल लाल झालेले. मी छान म्हटलं. मनापासून म्हटलं. किती दिवस लागले शिकायला, हेही विचारलं. ती म्हणाली, तीन आठवडे.

तिथंच थांबायला पाहिजे होतं मी. पण राहवलं नाही.

"तिला आधी दाखवलंस का?" मी विचारलं.

संस्कृतीनं एकदा पायरीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

"हो की," ती म्हणाली. "कालच."